पन्हळीतला कार्तिक

आज सकाळी शिडी लावून बासची पन्हळ साफ केली. बास म्हणजे आमचा उजवीकडचा शेजारी. उइटहॉर्न या आमच्या डच गावातली घरं खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यामुळे आमच्या झाडाचा कचरा त्याच्या छपरावर पडतो. पन्हळीत हात घातला की मूठभर ओली, तांबूस, पिसांसारखी पानं हाताला लागतात. गंजलेल्या लोखंडाचा रंग, वास मात्र राळेचा. बोटं थंडीने बधिर होतात. कार्तिक लागला हे मला कॅलेंडर सांगत नाही, बासची पन्हळ सांगते.

बास खाली कॉफीचा मग घेऊन उभा होता. शिडी धरायच्या निमित्ताने आला होता, पण धरली नव्हती.

"या हिवाळ्यात काढणार ना ते झाड?"

दरवर्षी विचारतो, आणि दरवर्षी मी "बघू" म्हणते. यंदा त्याचा आवाज वेगळा होता. "नाही वैशाली, यंदा खरंच. मी आणि बायको बोललो. हे झाड अशा बागेसाठी नसतंच."

तो बरोबर बोलत होता. हे झाड तीस मीटर उंच होऊ शकतं आणि आमची मागची बाग चार ढांगांत संपते. त्याच्यापेक्षा हे मला जास्त माहीत आहे. तरीही मी वरूनच म्हटलं, "नाही."

नुसतं नाही. डच माणसाला कारण लागतं, मराठी माणसाला निमित्त लागतं. मी दोन्ही दिलं नाही. कारण द्यायचं तर एक अख्खा मोसम सांगावा लागला असता, आणि शिडीवरून एवढं सांगता येत नाही.

झाडाचं नाव डॉन रेडवूड. डच लोक त्याला वाटरसिप्रेस म्हणतात, पाण्यातला सरू. सरू-देवदाराच्या गोतावळ्यातलं, पण घरचा कुळाचार न पाळणारं. बहुतेक नातलग बाराही महिने हिरवे राहतात आणि हे दर शरदात सगळी पानं, बारीक डहाळ्यांसकट, खाली टाकून मोकळं होतं. शास्त्रज्ञांनी आधी ते दगडात पाहिलं. दगडातल्या ठशांवरून त्याला नाव दिलं, फार फार पूर्वीच संपलं असं ठरवून टाकलं, आणि मग गेल्या शतकात चीनमधल्या एका दरीत ते जिवंत उभं सापडलं. तिथली माणसं त्याच्या सावलीत बसत होती, त्याचा पाला गुरांना घालत होती. ते संपलंय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

या झाडाबद्दल मला सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट.

घरापासून सायकलने अर्ध्या तासावर एक जुना वृक्षसंग्रह आहे. नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. त्याच्या मागच्या अंगाला, पाण्याने भरलेल्या चराच्या काठी, एक मोठा डॉन रेडवूड आहे. बुंधा खाली रुंद आणि पन्हाळीदार, साल दोऱ्यादोऱ्यांनी सुटणारी, आणि प्रत्येक फांदीच्या खाली काखेसारखा एक खोलगट खळगा. उन्हाळ्यात सावलीत उभं राहिलं तर डोक्यावर हिरवी जाळी. वाऱ्यावर आवाज करत नाही हे झाड, त्याची पानं फार मऊ आहेत.

मुक्ताचं, म्हणजे आमच्या मुलीचं, पोहणं शिकून झालं आणि शनिवारी मला कुणालाच कुठे सोडायचं-आणायचं राहिलं नाही, तेव्हा मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायला लागले. झाडांवर फार प्रेम होतं असं नाही. घरात बसवत नव्हतं. रोपवाटिकेचा प्रमुख हेंक याने पहिल्याच फेब्रुवारीत हातात कात्री दिली. मोठ्या झाडाच्या काड्या कापायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, आणि वाळूच्या पेटीत खोचायच्या. "हलवून बघायचं नाही," हेंक म्हणाला. "मुळं फुटली का हे बघण्यात लोक अर्ध्या काड्या मारतात." मला हसू आलं. आमच्याकडे मनीप्लँट बाटलीत लावला की घरातला प्रत्येक जण रोज एकदा उपसून बघतो. मी हात खिशात घातले. निम्म्या काड्या कुजल्या, निम्म्यांना मुळं फुटली. पुढच्या वसंतात त्या कुंड्यांमध्ये गेल्या, आणि तोच वसंत नेमका करोनाचा निघाला.

त्या वसंतात आकाशातून आवाज गेला. आमच्या घरावरून विमानं उतरतात. गप्पांमध्ये मध्येच थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि वाक्य पुढे चालू करायचं, ही इथल्या सगळ्यांची सवय. विमानं बंद झाली तरी माझा नवरा मिलिंद कित्येक दिवस वाक्याच्या मधे थांबायचा. मी बाडहूव्हडॉर्पला एका मालवाहतुकीच्या कंपनीत माणसांच्या पाळ्या लावायचं काम करत होते. कोण कधी येणार, कोण कुणाच्या जागी. विमानंच नाहीत तर पाळ्या कुणाच्या लावणार? कंत्राट संपत आलं होतं, पुढे वाढवलं नाही. व्हिडिओवर एक तरुण साहेब म्हणाला, "तुझ्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही." मी म्हटलं, "माझी आहे," आणि खिडकी बंद केली. लॅपटॉपची.

तेव्हा रोज नवीन याद्या यायच्या: कोणतं काम अत्यावश्यक, कोणतं नाही. नर्स अत्यावश्यक, ट्रकवाला अत्यावश्यक, सुपरमार्केटमधली मुलगी अत्यावश्यक. बरोबरच होतं. पण त्या यादीत नसण्याची एक चव असते आणि ती तोंडात राहते. मिलिंद जेवणाच्या टेबलावर बसून दिवसभर पुण्याशी बोलायचा, मुक्ता वरच्या खोलीत शाळा करायची, आणि मी ओटा पुसायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

वृक्षसंग्रहातले बहुतेक स्वयंसेवक सत्तरीच्या पुढचे. त्या सगळ्यांना घरी बसवलं. पण वसंत कोरडा गेला, पाऊस नाहीच, आणि कुंडीतल्या रोपाला यादी कळत नाही. हेंकने फोन केला. "तू एकटी येशील? कुणाशी बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, फक्त पाणी." मी सायकलवर टांग टाकली. सकाळची थंडी, रस्त्यावर कुणी नाही, कालव्यातली बदकं रस्त्याचे मालक असल्यासारखी. नळीच्या पाण्याचा पहिला फवारा उन्हाने तापलेला असायचा, मग बर्फासारखा. कुंड्यांच्या मातीतून फस्स आवाज यायचा. जूनपर्यंत ती रोपं माझ्या गुडघ्याला लागली, ऑगस्ट संपता संपता कमरेला. बाकीचं सगळं जग जागच्या जागी थांबलं होतं आणि ही कारटी आठवड्याला बोटभर वाढत होती. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

आमच्याच गल्लीत निखिल आणि केतकी राहतात. निखिलची आई, सुलभाकाकू, त्या फेब्रुवारीत साताऱ्याहून नातवाला बघायला आल्या होत्या, थोड्या दिवसांसाठी. मग विमानं बंद. व्हिसा वाढला, पण काकूंचं मन वाढलं नाही. त्या खिडकीशी बसून राहायच्या. मी एकदा दारातूनच विचारलं, "काकू, कशा आहात?"

"कशी असणार? पाहुणी म्हणून आले, आता सामान झालेय. एका जागी ठेवायचं, अधूनमधून पुसायचं."

हे ऐकल्यावर मला राहवेना. सप्टेंबरात त्यांना गाडीत मागच्या सीटवर बसवलं, मास्क लावला, चारही काचा उघड्या ठेवल्या आणि वृक्षसंग्रहात घेऊन गेले. काकू गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. ओक बघितला, "हं." बीच बघितला, "हं." एवढ्या मोठ्या झाडांना "हं" म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. मग चराच्या काठचं झाड आलं आणि काकू थबकल्या.

"अगं बाई! इथं आवळा?"

"काकू, तो आवळा नाही."

"मला सांगतेस? ही पानं बघ." त्यांनी एक डहाळी ओढली. खरंच, मधली बारीक काडी आणि दोन्ही बाजूंना एकासारखी एक नाजूक पानं. आवळ्याच्या डहाळीशेजारी ठेवली तर मीही क्षणभर फसले असते. इतके शनिवार त्या झाडाखाली काढून मला ते दिसलं नव्हतं. आणि वर, लांब देठांना लटकलेली, गोल, हिरवी, सुपारीएवढी फळं.

"हे काय मग?"

"ते शंकू आहेत काकू. पाइनला असतात तसे."

काकूंनी मास्क खाली ओढला, खाली पडलेलं एक फळ उचललं, पदराला पुसलं आणि मी ओरडेपर्यंत दाताखाली धरलं. तोंड वेडंवाकडं झालं. थू थू करून बाहेर टाकलं.

"काय झालं?"

"तुरट आहे," काकू विजयी चेहऱ्याने म्हणाल्या. "म्हणजे आवळाच."

परत येताना गाडीत त्या बऱ्याच दिवसांनी बोलत होत्या. लग्न झाल्यापासून एकही कार्तिक आवळीभोजनाशिवाय गेला नाही. माळावरच्या आवळ्याखाली सारवून घ्यायचं, झाडाची पूजा करायची, दोरा गुंडाळायचा, सगळ्यांनी तिथेच पानं मांडून जेवायचं. यंदा चुकणार म्हणून जिवाला लागलं होतं. "आता नाही चुकायचं," त्या म्हणाल्या. मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. तो आवळा नाही, हे तोवर मी तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगून काय होणार होतं?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेंकने रोपवाटिकेच्या दाराशी गाठलं. दोन हात अंतरावर उभा राहून, बुटाच्या टोकाने खडी सारत तो म्हणाला, "व्यवस्थापनाने ठरवलंय. रोपवाटिका बंद. वसंतातला रोपविक्रीचा दिवस होणार नाही, माणसं नाहीत. थंडी पडायच्या आत जागा मोकळी करायची."

"आणि ही?"

तो कुंड्यांकडे न बघता म्हणाला, "भुग्याचं यंत्र येणार आहे."

तिथे एक यंत्र असतं. फांद्या एका तोंडातून घालायच्या, दुसरीकडून भुगा. मी त्याचा आवाज ऐकलेला आहे. कमरेएवढं रोप म्हणजे त्याला घासही नाही, नुसता आवंढा.

"मी वाटून टाकते."

"लोकांना द्यायची परवानगी नाही. जमाव होईल."

"जमाव नाही होणार. मागच्या फाटकाशी. एका वेळी एक कुटुंब. पाळ्या लावायचं काम मी वर्षानुवर्षं केलंय हेंक, तेवढं मला येतं."

"नियम म्हणजे नियम."

"हेंक, ही तू लावायला सांगितलेली रोपं आहेत. तूच म्हणाला होतास हलवून बघू नकोस. मी बघितलं नाही. आता तू यंत्रात घालायला सांगतोयस?"

हेंक बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. विमान नव्हतं, तरी. डच लोकांची एक खास कला आहे: नियम बदलायचा नाही, पण मोडला जात असताना नेमकं दुसरीकडे बघायचं. त्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि त्यावर अर्धा देश चालतो. हेंक म्हणाला, "शनिवारी सकाळी मी पुढच्या तलावाची जाळी काढायला जाणार आहे. मागच्या फाटकाचं कुलूप तसंही बिघडलेलं आहे." आणि निघून गेला.

प्रश्न एवढाच होता की ही रोपं घेणार कोण. घरांच्या बागा रुमालाएवढ्या, आणि हे झाड चर्चच्या मनोऱ्याशी स्पर्धा करणारं. मी डच शेजाऱ्यांना विचारलं. बासने शोधून त्याची उंची वाचली आणि हसायला लागला. मी हताश झाले नव्हते, पण चिडले होते. आणि मग एका संध्याकाळी माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

काकूंनी निखिलच्या फोनवरून मराठी ग्रुपवर निरोप टाकला होता: "अस्सल आवळ्याची रोपं. कार्तिकासाठी. फुकट. वैशालीला विचारा."

मी ताबडतोब लिहिलं: हा आवळा नाही. खाण्यासारखं फळ येणार नाही. हिवाळ्यात सगळी पानं गळतील. खूप म्हणजे खूप उंच होईल. मोकळी जमीन असेल तरच या.

खाली पहिलं उत्तर आलं: "चालेल ताई, दोन ठेवा."

त्या शनिवारी मी मागच्या फाटकाशी उभी राहिले. धुकं होतं, चराचं पाणी वाफाळल्यासारखं दिसत होतं. रोपांचा हिरवा रंग नुकताच पिवळटायला लागला होता. माणसं वेळेवर आली, मराठी माणसं असूनही. बहुतेकांना मी त्या वर्षात प्रथमच प्रत्यक्ष बघत होते. मास्कवरचे डोळे ओळखीचे, बाकी केस वाढलेले, पोटं सुटलेली. कुंडी हातात घेताना लोक उगाचच जास्त बोलत होते. मी प्रत्येकाला तेच तेच सांगत होते.

आल्मेरेहून प्रसाद आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, सोबत मेजर टेप. "ताई, इनडोअर चालेल?"

"नाही."

"बाल्कनी?"

"नाही."

"मग?"

"जमीन, प्रसाद. बागेसाठी म्हणून आल्मेरेला घर घेतलंस ना? काय लावलंयस बागेत?"

तो जरा खाली बघून म्हणाला, "टाइल्स."

"मग चार टाइल्स उपट."

"फळ कधी धरेल पण?"

"आवळा कधीच धरणार नाही. एकदा सांगितलं."

"मग घ्यायचं कशाला?"

"कारण नाही घेतलंस तर त्याचा भुगा होईल."

प्रसादने टेप खिशात घातली आणि दोन कुंड्या उचलल्या. "एक बायकोसाठी," तो म्हणाला. दुसरं कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मध्येच फाटकाबाहेरच्या पायवाटेवरून एक डच जोडपं चाललं होतं. कुंडीवरची पट्टी वाचून नवरा बायकोला म्हणाला, "हेही चीनमधूनच. सगळं तिकडूनच यायला लागलंय." आणि माझ्याकडे बघून हसला, मी हसावं म्हणून. मी म्हटलं, "ट्यूलिप तुर्कस्तानातून आली होती. ती कधी परत पाठवताय?" बाईने नवऱ्याचा हात ओढला. कुंड्या उचलून देताना माझे हात त्यानंतर जरा जोरातच चालले.

सगळी रोपं गेली नाहीत. काही लोक आलेच नाहीत, काही जण येऊन, उंची ऐकून, नुसती भाजीच्या रोपांची चौकशी करून परत गेले. एक मी ठेवलं, आमच्या चार ढांगांच्या बागेत, सगळी अक्कल बाजूला ठेवून. उरलेल्यांसाठी मी मैत्रिणीची पुढे खोका असलेली सायकल मागून आणली, कुदळ टाकली आणि सकाळी निघाले. या देशात पाण्याकाठची जागा शोधावी लागत नाही. कुठे लावली ते लिहिणार नाही. एवढंच सांगते की एका ठिकाणी पुढच्या वर्षी गवत कापणाऱ्यांनी रोपाभोवती नीट गोल सोडला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी आधाराला खुंट ठोकून रबरी पट्टा बांधला होता. नगरपालिकेला वाटतंय की ती त्यांनीच लावली. वाटू दे.

ऑक्टोबर संपता संपता रंग बदलला. आधी सोनेरी, मग विटकरी, मग तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा. आणि मग फोन सुरू झाले.

"वैशालीताई, झाड गेलं हो."

"पाणी घातलंस?"

"दिवसातून दोनदा. आणि थंडी वाजेल म्हणून हॉलमध्ये हीटरजवळ ठेवलंय."

"हीटरजवळ? अगं, ते काय बाळंतीण आहे? नखाने साल खरवड. हिरवं दिसतंय?"

"...दिसतंय."

"मग जिवंत आहे. आत्ताच्या आत्ता बाहेर ने, आणि एप्रिलपर्यंत मला फोन करू नकोस."

मी सांगितलं होतं की पानं गळतील. सगळ्यांनी मान डोलावली होती. पण सूचिपर्णी झाड म्हटलं की हिरवंच राहणार, आणि परदेशात आणलेलं रोप म्हटलं की घरात घेऊन शेकायचंच, हे आपल्या हाडात आहे. काही रोपं त्या मायेनेच मेली. एका कुटुंबाने मेलेलं रोप निर्माल्यासारखं कालव्यात सोडलं आणि वर मला फोटो पाठवला. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ग्रुपमधून काढलं असतं मला.

पुढे लोकांनी लिहिलं की त्या काळात निसर्गाने आपल्याला संयम शिकवला, साधेपणा शिकवला. मला असलं काही शिकवलं नाही. झाड कुणाला काही शिकवत नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. मी त्या मोसमात एकच गोष्ट केली: कुणीतरी ज्याला "नको" म्हटलं होतं, त्याला "हवं" म्हटलं. त्यात शहाणपण नव्हतं. हट्ट होता.

कार्तिकात आम्ही त्या मोठ्या झाडाखाली जेवलो. बाहेर चौघांहून जास्त जमायचं नाही असा तेव्हा नियम होता, म्हणून चौघी: काकू, केतकी, मी आणि मुक्ता. मुक्ता सोळा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये. ती यायला तयार नव्हती, पण दोरा गुंडाळायला पायांत जोर असलेलं कुणीतरी हवं होतं. बुंधा एवढा रुंद की काकू एका जागी रीळ धरून उभ्या, आणि मुक्ता जाकीट-टोपी घालून झाडाभोवती पळतेय, चराच्या बाजूला पाय घसरतोय, डचमध्ये काहीबाही बडबडतेय. काकूंनी सालीवर हळदकुंकू वाहिलं. तांबूस सालीवर कुंकू दिसेचना. "असू दे," काकू म्हणाल्या, "त्याला माहीत आहे."

वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि अॅम्स्टेलव्हेनच्या दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या आवळ्यांचं लोणचं. डबे उघडले तशी वाफ सरळ वर गेली. वारा नव्हता, तरी पानं पडत होती. पाऊस नसताना पाऊस पडावा तशी, आवाज न करता, केसांवर, चटईवर, भातात. केतकी ती वेचायला लागली. काकूंनी तिच्या हातावर चापटी मारली. "आवळीभोजनात पडलेलं पान काढत नाहीत." असा नियम खरंच आहे की त्यांनी तिथल्या तिथे केला, मला ठाऊक नाही.

तेवढ्यात हेंक आला. दुरून त्याने माणसं मोजली. चार. मग त्याने बुंध्याभोवतीचा दोरा बघितला.

"हाच का तो, भुगा करणारा?" काकूंनी मोठ्याने विचारलं.

हेंकने मुक्ताकडे बघितलं. मुक्ता डचमध्ये म्हणाली, "आजी विचारतायत, तुम्हाला भात चालेल का."

चार वर्षं मराठीत न बोललेल्या पोरीने दोन्ही भाषा एका दमात सांभाळल्या होत्या. हेंकला ताट वाढून आम्ही एका कापलेल्या ओंडक्यावर ठेवलं आणि मागे सरलो. तो उभ्यानेच जेवला. चौघांत पाचवा, पण उभा, आणि लांब, म्हणजे बहुधा मोजायचा नाही. लोणच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सावधपणे विचारलं, "तुमच्या त्या झाडाला खाण्याची फळं येतात ना? मग हे झाड कसं चालतं तुम्हाला? हे तर काहीच देत नाही."

मी भाषांतर केलं. काकूंनी घास गिळला. "त्याला म्हणावं, इतकी वर्षं वडाला दोरे गुंडाळले. त्याने कुठे काय दिलं?"

याचं भाषांतर मुक्ताने केलं नाही. तिला हसू आवरेना.

जानेवारीत काकूंना विमान मिळालं. वसंतात साताऱ्याहून चांगल्या बातम्या आल्या नाहीत. काकूंचे धाकटे दीर गेले, शेजारच्या घरातले दोघं गेले. काकू दवाखान्यात होत्या आणि घरी परत आल्या. त्याच आठवड्यात आमच्या बागेतल्या काडीला हिरवे ठिपके फुटले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मी जोडत नाही, तुम्हीही जोडू नका.

आता प्रसादचं झाड त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीच्या वर गेलंय. त्याने चारच्या जागी सगळ्याच टाइल्स उपटल्या. दरवर्षी कार्तिकात आम्ही त्याच्याकडे जमतो. आता कुणी माणसं मोजत नाही. काकूंना व्हिडिओ लावतो. त्या आधी झाड बघायला मागतात, मग आम्हाला.

"आवळे धरले का गं?"

"नाही काकू."

"धरतील. घाई काय आहे?"

मी आता दुरुस्त करत नाही. थकले म्हणून नाही. जे झाड संपलंय असं ठरवून टाकलेलं असताना आरामात उभं होतं, त्याच्याबद्दल शेवटचा शब्द बोलण्याची मला हौस नाही.

आमच्या झाडाचं म्हणाल, तर बास म्हणतो त्यात तथ्य आहे. ते इथे कायमचं राहू शकत नाही. मी व्यवहारी बाई आहे. गेल्या वसंतात त्याच्याभोवती गोल चर खणून लांबची मुळं तोडून ठेवली आहेत, म्हणजे जवळ नवी धरतील आणि पुढे मुळांच्या गड्ड्यासकट हलवता येईल. जागा बघून ठेवली आहे. पाण्याकाठी. पण ते कधी हलवायचं हे मी ठरवणार. बासची पन्हळ ठरवणार नाही, आणि कसलीही यादी तर नाहीच. तोवर दर कार्तिकात मी शिडीवर चढणार, गुडघे आहेत तोपर्यंत.

हे एवढं सगळं बासला सांगितलं नाही. पन्हळीतली शेवटची मूठ बादलीत टाकून खाली उतरले. बास अजून तिथेच होता, आणि कुंपणावरून आमच्या झाडाकडे बघत होता. एकही पान उरलं नव्हतं. राखाडी आकाशात नुसत्या काड्या, वाळल्यासारख्या.

"खरं सांग," तो आशेने म्हणाला, "मेलं ना ते?"

"हो," मी म्हटलं. "दरवर्षी मरतं."

आणि आमच्या बाजूला येऊन बादली झाडाच्या बुंध्याशी उपडी केली.